एकोणीस ग्राव

शाळेच्या रजिस्टरात मी लिहिलं:
आयोडीन, अर्धा ग्रॅम, उडून गेलं.
अगदीच खोटं नाही.
झाकण सैल राहिलं की ते खरंच जातं,
जांभळं होऊन, कपाटभर,
आणि मुख्याध्यापकांचा विषय भूगोल.

घरी, ओट्यावर, सिंकच्या डाव्या अंगाला
पोटॅशियम आयोडाइडच्या पाण्यात ते विरघळवलं,
कोकमाच्या आगळासारखा रंग आला.
टिंक्चर मुद्दामच घेतलं नाही.
त्यात आधीपासून अल्कोहोल असतं;
मग स्फटिक कुणाचे,
कंपनीचे की इनासच्या भट्टीचे,
हा वाद उरला असता.
मला भट्टीचेच हवे होते.

इनासची फेणी, एकोणीस ग्राव,
भिरोंड्याच्या उतरणीवरच्या काजूंची.
दर मे महिन्यात एक बाटली ठेवून जातो,
आमच्या घरी कुणी घेत नाही हे ठाऊक असून.
पोटात दुखलं तर, म्हणतो.
त्यातले दोन चमचे.
मग धुण्याचा सोडा, पाण्यात कालवून, थोडा थोडा,
आणि बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात उभी.

काहीच झालं नाही.
आगळ तसंच.
बारावीच्या पोरांना मी सांगते, ढवळू नका, थांबा.
मी चारदा ढवळलं.
कुकरची शिट्टी झाली, भात उतरवला,
वळून बघते तर रंग उतरलेला,
पाणी गढूळ, आणि तळाशी
पिवळं.

हळदीचं पिवळं नाही, हळदीला घर असतं.
हे सरकारी पिवळं,
वाळपईच्या दवाखान्याच्या भिंतीचं.
आणि मागोमाग तो वास.

बाबा तिथे ड्रेसर होते.
सगुण गावस, पगार तीनशे दहा.
खाणीवरची माणसं ट्रकच्या हौद्यातून यायची,
पट्ट्यात सापडलेली बोटं, फाटलेल्या टाचा.
बाबा आधी माती काढत बसायचे, तास तास.
खनिज कुठलं आणि माणूस कुठला, म्हणायचे,
दोन्ही लालच, बोटांनी ओळखावं लागतं.
मग चिमटीनं ही पूड.

घरी येऊन विहिरीवर दोन अंघोळी.
तरी आई त्यांचं ताट खिडकीपाशी मांडायची,
आणि मी बारा वर्षांची,
माझं ताट उचलून दाराकडे.
जातो गं वास, म्हणायचे, हळूहळू जातो.
गेलाच.
नावाचा सगुण माणूस,
आता मे महिन्यातल्या दुपारी
कागदावर पाव चमचाही नाही.

इनास रिकामी बाटली न्यायला आला होता.
दारातूनच ओरडला,
फेणी कित्याक इबाडटा गो?
आणि थांबला.
नाक वर केलं, कुत्र्यासारखं, दोनदा.
मग काही न बोलता पँटचा डावा पाय गुडघ्यापर्यंत दुमडला.
वीतभर व्रण, गुळगुळीत,
त्यावर केस उगवलेले नाहीत.
सगुणबाब, एवढंच म्हणाला,
आणि उंबऱ्यावर टेकला.

बाबा गेल्यापासून एकतीस बाटल्या.
मी कधी विचारलं नव्हतं.

काय बोलायचं सुचेना, म्हणून मी त्याला रसायन सांगितलं.
तुझ्या फेणीच्या रेणूत दोन कार्बन असतात, इनास.
एक हा पिवळा झाला, अंगावर तीन आयोडीन घेऊन.
दुसरा पाण्यातच राहिला,
मुंग्यांच्या आम्लाचा क्षार होऊन.
मुंग्यांचं त्याला पटलं.
कागदावरच्या पिवळ्याकडे बघत म्हणाला,
आतां हें कोणाक लायतली?

चहा ठेवला.
वास होताच घरभर, दुधालासुद्धा लागला असणार.
तो खिडकीपाशी बसला.
मी दाराजवळची खुर्ची ओढत तिथे नेली.